नळीवर ‘सीआरपी’ लिहिलंय, पण आत नेमकं कुठलं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरात पीएच.डी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीने मानवी सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन (सीआरपी, दाह झाला की रक्तात वाढणारं प्रथिन) मागवलं. ई. कोलाय जिवाणूत बनवलेलं, शेवटच्या टोकाला हिस्टिडीन टॅग (शुद्धीकरणासाठी जोडलेली छोटी शेपटी), १०० मायक्रोग्रॅमची कोरडी नळी. ते १ मिलीलिटर पीबीएसमध्ये (फॉस्फेट आणि मिठाच्या बफरमध्ये) विरघळवलं. फॉस्फोकोलीनच्या (सीआरपी ज्याला पकडतं त्या रेणूच्या) प्लेटवर ते चिकटतच नाही. एलायझाच्या (अँटिबॉडीने प्रथिन मोजणाऱ्या चाचणीच्या) स्टँडर्डची रेषा अपेक्षेपेक्षा खाली येते. टीएचपी-१ या प्रयोगशाळेत वाढवलेल्या प्रतिकारपेशींवर टाकलं की मात्र आयएल-६ (दाहाचा संदेश देणारं प्रथिन) भरपूर येतं, आणि उकळलेल्या सीआरपीनेही तेवढंच येतं. प्रथिन खराब निघालं, की वापरण्यात चूक झाली?

प्लेटवरचा घोळ बहुतेक कॅल्शियमचा आणि प्रथिनाच्या घडणीचा आहे. पेशींवरचा घोळ एंडोटॉक्सिनचा, म्हणजे जिवाणूंच्या आवरणातल्या विषारी अंशाचा आहे. उकळलेल्या कंट्रोलने तुम्हाला उत्तर देऊनच टाकलंय, फक्त ते ‘कंट्रोल फसला’ असं वाचलं गेलं.

आधी प्रथिनाची घडण बघू. १९३० साली टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या सीरममध्ये हे सापडलं, तेच मुळी न्यूमोकॉकसच्या ‘सी’ पॉलिसॅकराइडला धरून खाली बसतं म्हणून. त्या पॉलिसॅकराइडमधल्या फॉस्फोकोलीनला ते पकडतं, आणि त्यासाठी कॅल्शियम लागतंच. २०६ अमिनो आम्लांची, सुमारे २३ किलोडाल्टनची एक साखळी. अशा पाच सारख्या साखळ्या चकतीसारख्या गोल बसतात आणि सुमारे ११५ किलोडाल्टनचा पेंटामर होतो. या पाच जणांना बांधणारा एकही सहसंयुज बंध नाही. डायसल्फाइड आहे तो प्रत्येक साखळीच्या आत, ३६ आणि ९७ क्रमांकाच्या सिस्टीनमध्ये. प्रत्येक साखळी दोन कॅल्शियम आयन धरते, आणि तेच फॉस्फोकोलीनच्या फॉस्फेटला पकडतात. कॅल्शियम काढलं की पकड तर जातेच, वर पेंटामर सैल पडून उष्णतेला, युरियाला, आम्लाला लवकर बळी पडतो. एकदा सुटून मोनोमर (सुटी साखळी) झाला की नंतर कॅल्शियम घालून तो परत जुळत नाही. मोनोमरचे गुणधर्म वेगळे, अँटिबॉडीला दिसणारी ठिकाणं वेगळी, विद्राव्यताही वेगळी. साध्या मिठाच्या बफरमध्ये तो गोळा होऊन बसतो. म्हणजे ‘सीआरपी’ या एका नावाखाली दोन वेगळे पदार्थ विकत मिळतात, आणि नळीवरच्या लेबलवरून ते कळत नाही.

ते कळतं डेटाशीटवरून, तीही नीट वाचली तर. ई. कोलायमध्ये पेशीच्या आत बनवलेलं सीआरपी बऱ्याचदा इन्क्लुजन बॉडीमध्ये (न विरघळणाऱ्या गोळ्यात) अडकतं. ते युरियाने किंवा ग्वानिडीनने सोडवून पुन्हा घडी घालावी लागते. बफरच्या यादीत सार्कोसिल (एक डिटर्जंट) किंवा युरिया दिसला, तर तो खरा पेंटामर नाही असंच धरून चाला आणि उलट सिद्ध होईपर्यंत मत बदलू नका. ‘शुद्धता ९५ टक्के, एसडीएस-पेज’ (प्रथिनं उलगडून आकारानुसार वेगळी करणारी जेल चाचणी) या ओळीला इथे फारसा अर्थ नाही. एसडीएसमध्ये उकळल्यावर पेंटामर काय नि मोनोमर काय, दोघांचीही पट्टी २३ ते २५ किलोडाल्टनलाच येणार. टॅग असेल तर किंचित वर. एचईके-२९३ सारख्या सस्तन पेशींनी बाहेर सोडलेलं किंवा मानवी द्रवातून शुद्ध केलेलं सीआरपी पेंटामर असण्याची शक्यता पुष्कळ जास्त. महाग असतं, हे खरं. मानवी सीआरपीवर साखरेची साखळी नसते, त्यामुळे ई. कोलाय वापरण्यात ग्लायकोसिलेशनची अडचण नाही. अडचण घडी घालण्याची आणि सोबत येणाऱ्या कचऱ्याची आहे.

आता पीबीएस. त्यात कॅल्शियम नसतं, ही अर्धी चूक. उरलेली अर्धी म्हणजे त्यातला सुमारे १० मिलिमोलर फॉस्फेट. नंतर शहाणपणा सुचून त्यातच कॅल्शियम क्लोराइड टाकलं, तर कॅल्शियम फॉस्फेटची पांढरी साय बसते आणि प्रथिनही सोबत घेऊन जाते. ‘प्रथिन गढूळ झालं’ म्हणून येणाऱ्या तक्रारींत हेही कारण असतं. त्याऐवजी ट्रिसचं बफर करा: २० मिलिमोलर ट्रिस, १४० मिलिमोलर सोडियम क्लोराइड, २ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड, पीएच ७.५. एका लिटरला ट्रिस बेस २.४२ ग्रॅम, मीठ ८.१८ ग्रॅम, हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच लावायचा, आणि कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट ०.२९४ ग्रॅम शेवटी. पीएच २५ अंशांना लावा. ट्रिसचा पीएच दर अंशाला साधारण ०.०२८ ने सरकतो, म्हणजे २५ ला ७.५ असलेलं बफर शीतपेटीत ४ अंशांना ८.१ च्या आसपास जातं. सीआरपीला ते चालतं, पण मीटर बिघडला म्हणून कोणी थंड बफरमध्ये परत आम्ल ओतू नये.

कॅल्शियम क्लोराइडबद्दल आपल्याकडची एक खास अडचण. जुलैमध्ये कोल्हापूरच्या दमट हवेत त्याची उघडी बाटली पाणी ओढते, दाणे आधी चिकट होतात आणि मग खीर होते. ते वजन करून घेतलं तर कॅल्शियम ठरवल्यापेक्षा कमी जातं, आणि २ मिलिमोलरच्या ठिकाणी नक्की किती गेलं हे कोणालाच माहीत नसतं. नवी बाटली उघडली त्याच दिवशी १ मोलरचं द्रावण करून ठेवा आणि वर्षभर त्यातून लिटरला २ मिलीलिटर घ्या. कोरड्या प्रथिनाच्या नळीलाही हाच नियम. फ्रीजरमधून काढून लगेच उघडली तर आत दव धरतं. बंद नळी अर्धा तास टेबलावर राहू द्या, मग मायक्रोफ्यूजमध्ये काही सेकंद फिरवा, कारण झाकणाला चिकटलेली पूड डोळ्याला दिसत नाही. पाणी किंवा बफर कडेने सोडा, नळी हलकेच उलटी-सुलटी करा, १५ ते २० मिनिटं थांबा. व्होर्टेक्स (जोरात हलवणारं यंत्र) नको. फेस झाला की प्रथिन हवेच्या पृष्ठभागावर उलगडतं.

किती पाण्यात विरघळवायचं ते डेटाशीट सांगेल तसं. पण ती पूड मुळात पीबीएसमधून सुकवलेली असेल, तर पाणी घातल्यावर फॉस्फेट परत येतोच. तुमच्या नळीची गत बहुधा हीच आहे. वाचवायची असेल तर आधी कॅल्शियम नसलेल्या ट्रिस-मिठाच्या बफरमध्ये डायलिसिस करून फॉस्फेट काढा, ४ अंशांना, दोन तासांनी एकदा बदलून. मग कॅल्शियमच्या बफरमध्ये रात्रभर. क्रम उलटा करू नका. पहिली पायरी लांबवूही नका, कारण तेवढा वेळ प्रथिन आधाराविना असतं. १० किलोडाल्टनचं पटल (त्याहून मोठे रेणू अडवणारा पडदा) चालतं. १०० मायक्रोग्रॅमसाठी मोठी नळी वापरली तर निम्मं प्रथिन पटलालाच लागेल, छोट्या डायलिसिस कपातच करा.

नंतर मोजणी. २८० नॅनोमीटरला १ मिलीग्रॅम प्रति मिलीलिटर सीआरपीचं शोषण सुमारे १.७५ येतं, म्हणजे ०.१ मिलीग्रॅमला ०.१७५. ही मोजणी वाहक प्रथिन घालण्याआधीच करा. ०.१ टक्का बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) हे वाहक घातल्यावर तुम्ही बीएसए मोजत असता. स्टँडर्डची रेषा खाली येण्याचं एक साधं कारण हेच: लेबलवरचे १०० मायक्रोग्रॅम गृहीत धरले जातात आणि प्रत्यक्ष नळीच्या भिंतीला काय चिकटलं ते कोणी बघत नाही. नॅनोग्रॅमच्या पातळीवर साध्या पॉलिप्रॉपिलीनच्या नळीत वाहकाशिवाय प्रथिन ठेवणं म्हणजे चाळणीत पाणी भरणं.

पेंटामर आहे की नाही हे तपासायला महागडं यंत्रच हवं असं नाही. जेल-फिल्ट्रेशनचा (आकारानुसार प्रथिनं वेगळी करणारा) स्तंभ असेल तर उत्तम, कॅल्शियमच्या बफरमध्ये चालवा आणि शिखर ११५ च्या आसपास येतं का ते पाहा. नसेल तर न उकळता, रिड्युसिंग द्रव्य न घालता आणि एसडीएस नेहमीच्या विसाव्या भागाइतकं ठेवून जेल चालवा. चांगला पेंटामर अशा जेलमध्ये एकसंध राहतो आणि वर पट्टी देतो, मोनोमर खाली पळतो. शेजारच्या खान्यात उकळलेला नमुना ठेवा.

पण खरी परीक्षा फॉस्फोकोलीनची. फॉस्फोकोलीन जोडलेलं बीएसए १० मायक्रोग्रॅम प्रति मिलीलिटर, कार्बोनेट बफरमध्ये, ४ अंशांना रात्रभर. सकाळी कार्बोनेट पूर्ण धुऊन काढा, नाहीतर पुढच्या बफरमधल्या कॅल्शियमशी त्याचा खडू तयार होतो आणि वेलच्या तळाला धुकं दिसतं. ब्लॉकिंगला कॅल्शियमच्या बफरमध्ये १ टक्का बीएसए, एक तास. स्किम मिल्क इथे नको. दुधातलं केसिन आणि सिट्रेट दोन्ही कॅल्शियमला धरून बसतात. मग सीआरपी ०.०१ ते ५ मायक्रोग्रॅम, एक तास. धुण्याच्या बफरमध्येही २ मिलिमोलर कॅल्शियम आणि ०.०५ टक्के ट्वीन-२० पाहिजे. सगळं नीट करून शेवटी सवयीने पीबीएस-ट्वीनने धुणारे हात प्रत्येक प्रयोगशाळेत असतात, आणि जोडलेलं सीआरपी त्याच वेळी सिंकमध्ये जातं. दोन ओळी कंट्रोलच्या ठेवा: एकीत १० मिलिमोलर ईडीटीए (कॅल्शियम खेचून घेणारं द्रव्य), दुसरीत १ मिलिमोलर मोकळं फॉस्फोकोलीन. दोन्हीत सिग्नल पडला तरच पकड खरी. ईडीटीएतही सिग्नल टिकला तर प्रथिन नुसतं प्लॅस्टिकला किंवा बीएसएला चिकटतंय, आणि ते वागणं मोनोमरचं आहे.

याच कारणाने सीआरपी थेट पॉलिस्टायरीनच्या प्लेटवर कोट करून ‘मी नेटिव्ह सीआरपीची अँटिबॉडी तपासली’ असं म्हणू नका. प्लॅस्टिकवर बसताना त्याची घडी बिघडते आणि मोनोमरची ठिकाणं उघडी पडतात. अँटिबॉडीची निवडही यातच येते. ३एच१२ हा क्लोन मोनोमर ओळखतो, आणि त्याचं ठिकाण अगदी शेवटच्या आठ अमिनो आम्लांत, १९९ ते २०६ मध्ये आहे. तुमच्या प्रथिनाला टॅग नेमका त्याच टोकाला आहे. तिथे सिग्नल आला नाही म्हणून ‘मोनोमर नाही’ असा निष्कर्ष निघत नाही. आणि किटमधली अँटिबॉडींची जोडी पेंटामरवर घडवलेली असेल, तर अर्धं मोनोमर असलेलं स्टँडर्ड अर्धंच वाचलं जाणार. तुमची रेषा खाली येण्याचं हे दुसरं कारण, आणि माझ्या मते तुमच्या बाबतीत जास्त संभवनीय. तिसरं कारण फुटकळ पण त्रासदायक: डायल्युएंटमध्ये सोडियम अझाइड (जंतू वाढू नयेत म्हणून घातलेलं द्रव्य) असेल तर ते एलायझात रंग आणणाऱ्या एचआरपी एन्झाइमलाच मारतं.

आता पेशी. नीट हिशेब करा. डेटाशीटवर ‘एंडोटॉक्सिन १ ईयू प्रति मायक्रोग्रॅमपेक्षा कमी’ असं लिहिलेलं असतं (ईयू म्हणजे एंडोटॉक्सिनचं एकक) आणि ते वाचून समाधान होतं. पण सीआरपीचे प्रयोग ५० मायक्रोग्रॅम प्रति मिलीलिटरला होतात, कारण आजारी माणसाच्या रक्तात ते तेवढं आणि त्याहून जास्तही असतं. म्हणजे मर्यादेत राहूनही ५० ईयू प्रति मिलीलिटर, सुमारे ५ नॅनोग्रॅम एलपीएस (म्हणजे एंडोटॉक्सिनच). सायटोकाइनच्या (आयएल-६ सारख्या संदेशवाहक प्रथिनांच्या) प्रयोगात १ नॅनोग्रॅमने जिथे काम भागतं तिथे ५ म्हणजे चैन आहे. एलपीएस उकळून मरत नाही, सीआरपी मरतं. उकळूनही आयएल-६ तेवढंच आलं, याचा सरळ अर्थ ते आयएल-६ सीआरपीचं नव्हतं.

हा वाद जुना आहे. सीआरपी रक्तवाहिनीच्या पेशींना थेट भडकवतं असे निबंध २००० नंतर धडाधड आले. २००५ मध्ये पेपिस यांच्या गटाने दाखवलं की जिवाणूत बनवलेल्या सीआरपीचा हा परिणाम जिवाणूंच्या अंशांमुळे होता. इतरांनी नळीतल्या अझाइडकडे बोट दाखवलं. पुढे २०१४ मध्ये औषधी दर्जाचं नैसर्गिक मानवी सीआरपी निरोगी स्वयंसेवकांना शिरेतून दिलं गेलं आणि दाह भडकला नाही. मोनोमरचं प्रकरण वेगळं आहे, त्याचे पेशींवर परिणाम होतात असं मानणारा मोठा गट आहे. म्हणून तर आपण काय टाकतोय हे आधी माहीत पाहिजे.

अझाइडचाही हिशेब करून ठेवा. ०.१ टक्का म्हणजे १५.४ मिलिमोलर. १ मिलीग्रॅमच्या स्टॉकमधून ५० मायक्रोग्रॅमला आलात की वीस पट विरळ होऊन ०.७७ मिलिमोलर उरतं. मायटोकाँड्रियाचा श्वास अडवायला हे चिल्लर नाही. डायलिसिस करा आणि शेवटच्या डायलिसिसचं बाहेरचं बफर फेकू नका, तोच तुमचा नुसत्या बफरचा कंट्रोल. त्याखेरीज चार वेल हवेतच: ९५ अंशांना ३० मिनिटं तापवलेलं सीआरपी, पॉलिमिक्सिन-बी १० मायक्रोग्रॅम प्रति मिलीलिटरसह सीआरपी, मोजलेल्या एंडोटॉक्सिनइतकं शुद्ध एलपीएस, आणि त्याच एलपीएसवर पॉलिमिक्सिन. पॉलिमिक्सिन फक्त एलपीएस बांधतं. लिपोप्रोटीन किंवा फ्लॅजेलिन (जिवाणूंचे दुसरे अंश) असेल तर ते सुटून जातं, म्हणून तापवलेला कंट्रोल आणि पॉलिमिक्सिन हे एकमेकांचे पर्याय नाहीत.

एंडोटॉक्सिन स्वतः मोजा, डायलिसिसनंतर. एलएएल चाचणीत माहीत असलेलं एंडोटॉक्सिन मिसळून ते परत किती सापडतं ते पाहा. ५० ते २०० टक्क्यांत आलं तरच आकड्यावर विश्वास ठेवा. (ज्या नालखेकड्याच्या रक्तातून एलएएल बनतं, त्याच्या रक्तातही सीआरपीचे भाईबंद असतात. निसर्गाला विनोदाचं अंग आहे.) ट्रायटन एक्स-११४ ने एंडोटॉक्सिन काढता येतं, पण मागे राहिलेला डिटर्जंट पेशींना सोसत नाही, आणि १०० मायक्रोग्रॅममध्ये एवढ्या पायऱ्या केल्यावर हाती काही उरत नाही. कमी एंडोटॉक्सिनचं, सस्तन पेशीत बनवलेलं दुसरं सीआरपी मागवणं शेवटी स्वस्त पडतं.

पेशी वाढवायच्या माध्यमाकडे कोणी बघत नाही. टीएचपी-१ साठी वापरतात त्या आरपीएमआय-१६४० मध्ये कॅल्शियम फक्त ०.४२ मिलिमोलर आणि फॉस्फेट ५.६. रक्तात मोकळं कॅल्शियम १.२ च्या आसपास असतं. त्यात वरून कॅल्शियम वाढवलं तर बारीक कण पडू शकतात, आणि ते कण खाऊनही पेशी चिडतात. काही तासांच्या उपचारासाठी डीएमईएम हे माध्यम जास्त सोयीचं, कॅल्शियम १.८ आणि फॉस्फेट ०.९. टीएचपी-१ च्या माध्यमात सवयीने ०.०५ मिलिमोलर मर्कॅप्टोइथेनॉल घालतात, ते उपचाराच्या वेळी वगळा. साखळीतला तो एकुलता एक डायसल्फाइड तुटला तर तिसराच पदार्थ तयार होतो.

मोनोमर मुद्दाम हवा असेल तर खात्रीच्या पेंटामरपासून स्वतः करा: ८ मोलर युरिया, १० मिलिमोलर ईडीटीए, ३७ अंशांना दोन तास. मग २५ मिलिमोलर ट्रिस, पीएच ८.३ मध्ये डायलिसिस, त्यात मीठ घालायचं नाही. तेच पेंटामर आणि त्याचाच मोनोमर शेजारी-शेजारी ठेवले तरच तुलनेला अर्थ.

रुग्णांच्या नमुन्यांबद्दल दोन शब्द, कारण कोल्हापुरातल्या सीपीआरसारख्या (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालयातून नैतिक समितीच्या परवानगीने सीरम आणून काम करणारे बरेच आहेत. लॅव्हेंडर झाकणाच्या नळीत ईडीटीए असतं, फॉस्फोकोलीनवर आधारलेल्या चाचणीत तो प्लाझ्मा चालणार नाही, सीरमच घ्या. निरोगी माणसाचं १ मिलीग्रॅम प्रति लिटर म्हणजे १००० नॅनोग्रॅम प्रति मिलीलिटर. संसर्गात १०० मिलीग्रॅम सहज होतं. किट ५० नॅनोग्रॅमपर्यंत वाचत असेल तर पहिल्याला शंभर पट, दुसऱ्याला दहा हजार पट विरळ करा. प्रत्येक नमुना दोन पातळ्यांवर लावा, अतिजास्त सीआरपीने सिग्नल उलट पडतो तो तिथेच उघडा पडतो. आणि ‘फक्त संशोधनासाठी’ असलेल्या नळीवर काढलेला आकडा रुग्णाच्या कागदावर जाऊ देऊ नका. स्टँडर्डला अंतिम आधार हवा असेल तर ईआरएम-डीए४७४ हा प्रमाणित सीरम आहे, त्याच्याशी आपली नळी जुळवून घ्या. विस्टार उंदरांवर (रॅटवर) काम असेल तर हे सगळं बाजूला ठेवा. या उंदराचं सीआरपी एरवीच शेकडो मिलीग्रॅम प्रति लिटर असतं, त्यावर साखर असते, आणि मानवी किट त्यासाठी केलेलं नसतं.

नवी नळी आली की आधी वाटणी करा. ५० मायक्रोग्रॅम प्रति मिलीलिटरला सहा वेलच्या प्लेटमधला एकच वेल २ मिलीलिटरचा, म्हणजे १०० मायक्रोग्रॅम त्यातच संपले. ९६ वेलच्या प्लेटवर १०० मायक्रोलिटरने वीस वेल होतात, आणि वर सांगितलेले कंट्रोल त्यातच बसवायचेत. द्रवरूप पेंटामर कॅल्शियमसह २ ते ८ अंशांना ठेवा, डेटाशीट गोठवा म्हणत नसेल तर गोठवू नका. गोठवायचंच असेल तर १० ते २० मायक्रोलिटरचे भाग, एकदाच वापरायचे, आणि आपोआप बर्फ वितळवणाऱ्या घरगुती फ्रीजमध्ये नकोत. ऑर्डर देण्याआधी पुरवठादाराला लेखी विचारा: पेंटामर असल्याचा जेल-फिल्ट्रेशनचा आलेख आहे का, सुकवण्याआधीचं बफर काय, सार्कोसिल किंवा अझाइड आहे का, या बॅचचं एंडोटॉक्सिन प्रत्यक्ष किती. ‘पेक्षा कमी’ हे उत्तर घेऊ नका. द्रवरूप माल असेल तर सोमवारी पाठवायला सांगा, शुक्रवारी निघालेलं पार्सल रविवारभर गोदामात बसतं. कोरडा माल बाहेरच्या तापमानाला दोन-चार दिवस तगतो, द्रव तगत नाही. आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये नि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं तेव्हा पुण्याकडची वाहतूक बंद पडली होती, तेव्हा पावसाळ्यात द्रवरूप सीआरपी मागवायचं असेल तर जूनच्या पहिल्या आठवड्यातच मागवून ठेवा.